चाहत्यांचे व्हिडिओ आणि स्वामित्वहक्क: पाहणाऱ्याला काय, बनवणाऱ्याला काय?

दृश्यवेडी (प्रश्न)
मालिकांतील दृश्ये निवडून, त्यांना गाण्याची जोड देऊन चाहते जे व्हिडिओ बनवतात ते मी आवडीने पाहते आणि हल्ली स्वतःही बनवते. नुकताच माझा एक व्हिडिओ अपलोड होताच अडवला गेला. वर्णनात ‘सर्व हक्क मूळ निर्मात्यांचे, कमाईचा हेतू नाही’ असे स्पष्ट लिहिले होते, तरीही असे का व्हावे? शिवाय परवानगीविना दाखवलेले काही नुसते पाहणारा माणूसही कायद्याच्या कचाट्यात सापडतो का?

कलमकसाई
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. स्वामित्वहक्काचा कायदा मुख्यतः प्रत काढणे आणि कलाकृती लोकांपर्यंत पोहोचवणे या कृतींवर बंधन घालतो. नुसते पाहणे ही त्यातली कृती नव्हे. पाहताना ब्राउझरमध्ये तात्पुरती प्रत तयार होते खरी, परंतु संकेतस्थळे पाहताना होणाऱ्या अशा प्रतींसाठी परवानगी लागत नाही, असे युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये मात्र, चोरीच्या स्रोतांचे दुवे आधीच भरून विकलेल्या प्लेअरवरून पाहताना होणाऱ्या प्रतींना ही सवलत नाकारली, त्यामुळे ‘पाहणारा सदैव सुरक्षित’ असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत २०२० मध्ये बेकायदा स्ट्रीमिंगसाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली तेव्हा बरीच घबराट पसरली होती. पण तिचा रोख धंदा म्हणून अशी सेवा चालवणाऱ्यांवर आहे, प्रेक्षकांवर नाही. टॉरेंटची गोष्ट वेगळी, कारण तिथे उतरवून घेता घेताच आपण फाइलचे तुकडे इतरांना पुरवतही असतो.

संपादनकक्ष
तुमचा व्हिडिओ बहुधा कोणत्याही माणसाने पाहिलेला नाही. यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. हक्कधारकांनी दिलेल्या मूळ फाइलींचे ठसे तिच्याकडे असतात आणि नव्या व्हिडिओतील चित्र व आवाज ती त्यांच्याशी ताडून पाहते. ठसा जुळला की व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवायचे की नुसती नजर ठेवायची, हे हक्कधारकाने आधीच ठरवलेले असते. वर्णनातील तुमचे वाक्य या ताडणीत वाचलेच जात नाही, आणि न्यायालयातही ते परवानगीची जागा घेऊ शकत नाही. उलट, वापरलेले साहित्य आपले नाही याची ती लेखी कबुलीच ठरते!

अमेरिकेतील ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे परवानगीविना केलेल्या रास्त वापराला मिळणाऱ्या कायदेशीर सवलतीत, वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम हे चार निकष एकत्र तोलले जातात, आणि अमुक सेकंदांपर्यंतचा वापर चालतो हा समज निराधार आहे. गोम अशी की हे तोलणे शेवटी न्यायाधीशाचे काम आहे, आणि व्हिडिओ मात्र त्याच्या कितीतरी आधी खाली आलेला असतो. २००७ मध्ये एका आईने लेकराच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, त्यात मागे अस्पष्ट गाणे वाजत होते, म्हणून गाण्याच्या हक्कधारकाने नोटीस पाठवून तो हटवायला लावला. नोटीस पाठवण्यापूर्वी फेअर यूजचा विचार करणे हक्कधारकावर बंधनकारक आहे, एवढे अपील न्यायालयाकडून वदवून घेण्यास २०१५ साल उजाडले.

दृश्यवेडी
मग मी आक्षेप नोंदवावा की मुकाट्याने व्हिडिओ काढून टाकावा?

कलमकसाई
आधी आलेली सूचना नीट वाचा. ती कंटेंट आयडीचा दावा असेल तर तिने खात्याला स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, लागत नाही, आणि आक्षेप घेतल्यास दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. व्हिडिओ हटवण्याची रीतसर कायदेशीर नोटीस असेल तर स्ट्राइक लागतो, आणि ९० दिवसांत असे तीन झाले तर खाते बंद होऊ शकते. अशा नोटिशीला अमेरिकी कायद्यानुसार प्रतिनोटीस देता येते. त्यानंतर हक्कधारकाने दावा दाखल केल्याचे कळवले नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ पूर्ववत करावा लागतो. परंतु त्या प्रतिनोटिशीत स्वतःचे खरे नाव व पत्ता द्यावा लागतो आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते. टोपणनावाने वावरणारे चाहते नेमके इथेच माघार घेतात, आणि त्यांना दोष देणे मला तरी जमत नाही.

संपादनकक्ष
एक भर घालतो. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या निर्देशातील कलम १७ नुसार अवतरण, समीक्षा, विडंबन आणि अनुकरणात्मक रचना यांची मुभा वापरकर्त्यांना मिळालीच पाहिजे. तेव्हा आक्षेप लिहिताना ‘कमाई नाही’ या मुद्द्यावर भर न देता, दृश्यांच्या तुमच्या मांडणीतून मूळ मालिकेत नसलेला कोणता अर्थ उभा राहतो, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. गाणे अखंड वापरले असेल तर तो भाग सर्वांत कच्चा ठरेल. ते बदलता आले तर आधी बदला.