मधुमेह आणि तीन धमन्यांत अडथळे: स्टेंट, बायपास की औषधे? संशोधन नेमके काय सांगते?

प्रश्न : महालकर

माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. नागपूरच्या इतवारीत त्यांचे धान्याचे दुकान आहे आणि मधुमेह त्यांना बऱ्याच वर्षांपासून आहे. गेल्या उन्हाळ्यापासून दुकानाच्या माळ्याचा जिना चढताना त्यांना दम लागू लागला. छातीत मात्र कधीही दुखले नाही. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ४५ टक्के निघाले, म्हणून अँजिओग्राफी केली. तिन्ही मुख्य धमन्यांत अडथळे आहेत आणि एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत) अगदी सुरुवातीलाच ९० टक्के अडथळा आहे. लेफ्ट मेन (डाव्या बाजूची मूळ धमनी) मोकळी आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१ आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ९.२ आहे.

अँजिओग्राफी चालू असतानाच मला बाहेरच्या मार्गिकेत एका कागदावर हृदयाची आकृती काढून दाखवण्यात आली, तिच्यावर तीन ठिकाणी पेनाने फुल्या मारल्या गेल्या आणि तीन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) आत्ताच बसवून घ्यावेत की नाही, हे दहा मिनिटांत सांगा, असे म्हटले गेले. बाबा आत टेबलावर होते. त्यांना न विचारता हा निर्णय घेणे मला पटले नाही, म्हणून मी थांबायला सांगितले. नंतर दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी अँजिओग्राफीची सीडी पाहून बायपासचा सल्ला दिला. पुण्याला असलेल्या माझ्या आतेभावाचे म्हणणे तिसरेच आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ नावाच्या मोठ्या अभ्यासानुसार स्थिर रुग्णांना औषधे पुरतात, त्यामुळे छाती उघडण्याची घाई करू नये, असे तो म्हणतो.

या तिन्ही मतांमागे संशोधनाचा आधार किती आहे आणि तो माझ्या बाबांसारख्या रुग्णाला कितपत लागू पडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. आपल्यापैकी कोणी वैद्यकीय क्षेत्रातील असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त अध्यापक, मेडिसिन विभाग

सर्वप्रथम, आपण थांबलात हे योग्यच केले. हृदयविकाराचा झटका चालू असेल तर मिनिटामिनिटाला महत्त्व असते, परंतु स्थिर असलेल्या रुग्णाच्या तीन धमन्यांबाबतचा निर्णय टेबलावर घ्यावा लागत नाही. अशा रुग्णाची अँजिओग्राफी हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद या दोघांनी एकत्र बसून पाहावी, अशी शिफारस अमेरिकेच्या आणि युरोपच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्टपणे केलेली आहे.

आपल्या वडिलांच्या स्थितीशी सर्वाधिक जुळणारा अभ्यास म्हणजे २०१२ साली प्रसिद्ध झालेला ‘फ्रीडम’. त्यात मधुमेह असलेले आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले १९०० रुग्ण होते, सरासरी वय ६३ होते आणि दहापैकी आठांहून अधिक रुग्णांच्या तिन्ही धमन्या बाधित होत्या. कोणाला औषधयुक्त स्टेंट बसवायचे आणि कोणाचा बायपास करायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. पाच वर्षांनी मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही झालेल्या रुग्णांचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. केवळ मृत्यू पाहिले तर ते अनुक्रमे १६.३ आणि १०.९ टक्के होते. झटक्यांतील फरक याहूनही मोठा होता: १३.९ विरुद्ध ६ टक्के. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. तो स्टेंटच्या गटात २.४ टक्के, तर बायपासच्या गटात ५.२ टक्के रुग्णांना झाला, आणि या फरकाचा बराचसा भाग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातच दिसून आला. बायपासचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी ही दुसरी बाजूही आपल्याला सांगितली पाहिजे.

असे का होते, याचे उत्तर शरीररचनेत आहे. स्टेंट जिथे बसवला जातो तेवढीच जागा उघडतो. मधुमेहात चरबीचे थर धमनीच्या लांबलचक भागात पसरलेले असतात, त्यामुळे आज ज्या जागी अडथळा ३० टक्के आहे, तीच जागा तीन वर्षांनी झटक्याला कारण ठरू शकते. बायपासमध्ये नवी रक्तवाहिनी अडथळ्यांच्या पुढे, धमनीच्या खालच्या भागात जोडली जाते, त्यामुळे वरच्या भागात पुढे निर्माण होणाऱ्या नव्या अडथळ्यांपासूनही त्या स्नायूचे रक्षण होते.

त्यातही नवी रक्तवाहिनी कोणती, याला फार महत्त्व आहे. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पायातील शिरेचा वापर करून बायपास रूढ केला. पुढे १९८६ साली त्याच संस्थेने जुन्या रुग्णांची दहा वर्षांची माहिती मांडली, तेव्हा छातीच्या आतील डाव्या बाजूची धमनी, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘लिमा’ म्हटली जाणारी रक्तवाहिनी, एलएडीला जोडलेले रुग्ण अधिक जगल्याचे दिसून आले. ही धमनी दहा वर्षांनंतरही ८५ ते ९५ टक्के रुग्णांत चालू राहते. पायातील शिरेच्या बाबतीत हे प्रमाण ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास उरते. आपल्या वडिलांच्या एलएडीमध्येच सर्वांत मोठा अडथळा असल्याने हा मुद्दा त्यांना थेट लागू होतो.

आता ‘इस्केमिया’विषयी. त्या अभ्यासात ५१७९ रुग्ण होते आणि आधी केवळ औषधे देऊन पाहणे व आधीच अँजिओग्राफी करून पुढील उपचार करणे, या दोन धोरणांची तुलना होती. दुसऱ्या धोरणातील ज्या रुग्णांवर पुढे उपचार झाले, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना स्टेंट बसवण्यात आले आणि उरलेल्यांचाच बायपास झाला. त्यामुळे तो अभ्यास मधुमेही रुग्णाच्या तीन धमन्यांच्या बायपासची परीक्षा घेतो, असे म्हणता येत नाही. केवळ औषधांशी बायपासची तुलना करणारे मूळ अभ्यास सत्तरच्या दशकातील आहेत. त्यांतील सात अभ्यासांतील २६४९ रुग्णांची माहिती १९९४ साली एकत्र केली गेली, तेव्हा पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण बायपास केलेल्यांत १०.२ टक्के आणि औषधांवर ठेवलेल्यांत १५.८ टक्के होते. त्या काळी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळ्या नव्हत्या हे खरे, पण त्या रुग्णांपैकी फक्त एक दशांश रुग्णांनाच लिमाचा लाभ मिळाला होता, हेही तितकेच खरे. म्हणजे तेव्हापासून दोन्ही उपचार सुधारले आहेत.

आतेभावाचे मत चुकीच्या हेतूने दिलेले नाही, पण ते वेगळ्या रुग्णांविषयी आहे. छातीत न दुखण्यावरही विसंबून राहू नका. दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतूंवर परिणाम होऊन वेदना जाणवत नाही आणि दम लागणे हेच लक्षण उरते. माझे मत बायपासकडे झुकते. अंतिम निर्णय अर्थातच सीडी समोर ठेवून व्हावा.

उत्तर : संख्याशास्त्र शिकवतो

मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांविषयी काही बोलणार नाही. आकडे कसे वाचावेत, एवढ्यापुरतेच लिहितो, कारण दवाखान्यात ते एकाच बाजूने सांगितले जातात असा माझा अनुभव आहे.

‘मृत्यू एक तृतीयांशाने घटले’ हे वाक्य ‘फ्रीडम’च्या आकड्यांवरून बरोबर आहे. परंतु घरच्यांनी त्याचा अर्थ असा घ्यावा: स्टेंटऐवजी बायपास केलेल्या १०० रुग्णांमागे पाच वर्षांत सुमारे ५ मृत्यू टळले आणि सुमारे ३ पक्षाघात अधिक झाले. शिवाय हा लाभ पहिल्या दिवसापासून मिळत नाही. दोन्ही गटांचे आलेख साधारण दोन वर्षांनंतर एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. शस्त्रक्रियेची जोखीम आधी पत्करावी लागते आणि फायदा नंतर मिळतो. ६२ वर्षांच्या, मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसासाठी हा व्यवहार एका प्रकारे दिसेल आणि ८० वर्षांच्या थकलेल्या माणसासाठी दुसऱ्या प्रकारे.

या अभ्यासासाठी ३२,९६६ रुग्णांची छाननी झाली, त्यांपैकी ३३०९ पात्र ठरले आणि १९०० सहभागी झाले. म्हणजे निष्कर्ष निवडक रुग्णांचे आहेत. त्यात वापरलेले स्टेंट पहिल्या पिढीचे होते, हाही आक्षेप रास्त आहे. मात्र नव्या स्टेंटची बायपासशी तुलना करणारा ‘फेम ३’ हा १५०० रुग्णांचा अभ्यास झाला आहे. त्यात अडथळ्यामागील रक्तदाब मोजून, गरज असेल तिथेच स्टेंट बसवले गेले. तरीही एका वर्षात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे एकत्रित प्रमाण स्टेंटच्या गटात १०.६ टक्के आणि बायपासच्या गटात ६.९ टक्के आले. तीन वर्षांनी मृत्यू, झटका व पक्षाघात एवढेच मोजले, तेव्हा १२ विरुद्ध ९.२ टक्के हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. म्हणजे दरी अरुंद झाली आहे असे म्हणता येईल. त्या अभ्यासात मधुमेही रुग्ण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते, त्यामुळे मधुमेहींसाठी ‘फ्रीडम’चे वजन माझ्या दृष्टीने कायम आहे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेच्या संशोधनात रुग्णापासून उपचार लपवता येत नाही, ही मोठी अडचण असते. पन्नाशीच्या दशकात छातीतील धमन्या बांधून टाकण्याची एक शस्त्रक्रिया अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या छातीतील वेदनेसाठी) लोकप्रिय झाली होती आणि रुग्णांना तिने बरे वाटत असे. १९५९ आणि १९६० मध्ये दोन छोट्या अभ्यासांत काही रुग्णांना नुसताच त्वचेवर छेद दिला गेला, तर त्यांनाही तितकेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया लवकरच बंद पडली. स्टेंटबाबत हाच प्रयोग २०१७ साली ‘ऑर्बिटा’ या ब्रिटिश अभ्यासात २०० रुग्णांवर झाला. एकाच धमनीत अडथळा असलेल्या आणि भरपूर औषधे घेणाऱ्या या रुग्णांत, खोटी प्रक्रिया केलेल्या गटाच्या तुलनेत व्यायामक्षमता लक्षणीय वाढली नाही. २०२३ च्या ‘ऑर्बिटा २’मध्ये अंजायनाची औषधे थांबवून ३०१ रुग्ण तपासले, तेव्हा स्टेंटने वेदना खरोखर कमी झाल्या. म्हणून ‘किती बरे वाटले’ हे मोजणाऱ्या अभ्यासांकडे सावधपणे पाहावे. मृत्यूची नोंद मात्र रुग्णाच्या समजुतीवर अवलंबून नसते, आणि म्हणूनच ‘फ्रीडम’मधील मृत्यूंच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवता येतो.

उत्तर : हृदय पुनर्वसन, फिजिओथेरपिस्ट

निर्णय बायपासच्या बाजूने झाला तर तयारी आजपासूनच करावी लागेल. एचबीए१सी ९.२ असताना छातीच्या जखमेत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया लांबवणे शक्य नसेल, तरी त्याआधी आणि त्यानंतर इन्सुलिनवर साखर आटोक्यात ठेवता येते. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर ते भूलतज्ज्ञांना अवश्य सांगा. या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवल्या जातात, अन्यथा साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.

आपल्या भागात हे विचारावेच लागते: बाबा खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खातात का? अनेक जण सिगारेट ओढत नसल्यामुळे ‘व्यसन नाही’ असे लिहून देतात आणि खिशात खर्‍याची पुडी असते. त्यातील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतर खोकला येतो तेव्हा छातीचे हाड ओढले जाते आणि रुग्ण भीतीने खोकणेच टाळतो. मग कफ साचतो आणि ताप येतो. घट्ट घडी केलेली चादर दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरायची आणि मग खोकायचे, हे आम्ही आधीच्या दिवशीच शिकवतो. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्रही आधीच घरी आणून सराव करून घ्यावा. हाड जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर धान्याचे पोते उचलणे सोडाच, ते ढकलणेही नको आणि दुचाकीही नको. पायातील शीर काढली असेल तर त्या पायावर सूज राहते, म्हणून बसताना पाय वर ठेवावा.

खर्चाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आणि अँजिओप्लास्टी दोन्ही येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना भेटा. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही हृदयशल्यचिकित्सेचा विभाग आहे, तिथे दुसरे मत घेता येईल.

महालकर

आपल्या तिघांचे मनापासून आभार. बाबा दिवसाला दोन-तीन खर्रे खातात आणि आम्ही ते कुठल्याच फॉर्मवर लिहिले नव्हते. आज रात्री त्यांच्याशी बोलतो. शल्यविशारदांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. ते बीटिंग हार्ट पद्धतीने, म्हणजे हार्ट-लंग मशीन न लावता शस्त्रक्रिया करतात असे कळले. पक्षाघाताचा धोका त्याने कमी होतो का? आणि दोन्ही बाजूंच्या छातीतील धमन्या वापरा, असा आग्रह आम्ही धरावा का?

उत्तर : निवृत्त अध्यापक, मेडिसिन विभाग

हृदय धडधडत ठेवून शस्त्रक्रिया केल्यास पक्षाघात टळेल अशी मोठी आशा होती. ‘कोरोनरी’ या १९ देशांतील ४७५२ रुग्णांच्या अभ्यासात मात्र पाच वर्षांनंतरही दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘रूबी’ या अमेरिकी अभ्यासात तर मशीन न लावलेल्या गटात पाच वर्षांतील मृत्यू थोडे अधिक होते. यात शल्यविशारदाचा हात कोणत्या पद्धतीवर बसलेला आहे, याला मोठे महत्त्व आहे. भारतात अनेक जण वर्षानुवर्षे मशीनशिवायच शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे त्यांना त्यांच्या सवयीच्या पद्धतीने करू द्यावी. महाधमनीत चुन्याचे थर आहेत का, हे मात्र अवश्य विचारा, कारण तसे असेल तर महाधमनीला कमीत कमी स्पर्श करणारी पद्धत निवडण्याला खरेच अर्थ असतो. मानेतील धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाला नसेल तर तो करून घ्या.

दोन्ही बाजूंच्या धमन्यांचा आग्रह धरू नका. ३१०२ रुग्णांच्या ‘आर्ट’ अभ्यासात दहा वर्षांनंतर एक व दोन धमन्या वापरलेल्या गटांतील जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि छातीच्या हाडाच्या जखमेचे त्रास दोन धमन्या वापरलेल्यांत अधिक होते. एचबीए१सी ९.२ असलेल्या रुग्णासाठी ही जोखीम कमी महत्त्वाची नाही. लिमा एलएडीला जोडणार ना, एवढे विचारा. उरलेल्या ठिकाणी मनगटाजवळची धमनी वापरता येईल का, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. आणि या वेळी बाबांना सोबत घेऊन जा. जोखमीचे आकडे त्यांच्यासमोरच सांगितले जावेत.