रि: रि: इंटरलॉकन – पॉप-अपच्या मागे बोट जोडता येईल का?

दादा:
मंडळी, मिशिगनमधल्या इंटरलॉकन पार्कच्या मंडळाच्या कॅम्पला शुक्रवारी निघायचंय म्हणून घाईत. मिनीव्हॅनमागे पॉप-अप (छत वर करून उघडायचा कॅम्पिंग ट्रेलर) ठरलेलाच आहे. आता मुलांसाठी १२ फुटी अॅल्युमिनियमची बोटही न्यायची म्हणतोय, तीच सपाट तळाची. पॉप-अपच्या मागच्या बंपरला हिच (ट्रेलर अडकवायचा जोड) वेल्ड करून बोटीचा ट्रेलर त्याच्या मागे लावला तर चालेल का? वेल्डर उद्या मोकळा आहे.

नाना:
वेल्डरला नको म्हणून सांगा. मिशिगनमध्ये अशी तीन डब्यांची गाडी फक्त पिकअपला चालते. तीही मधला ट्रेलर फिफ्थ-व्हील (पिकअपच्या हौद्यातल्या प्लेटवर टेकणारा) असेल तरच, लायसन्सवर 'आर' एंडोर्समेंट (त्यासाठीची जादा परवानगी) हवं आणि एकूण लांबी ७५ फुटांच्या आत. हिचच्या गोल बॉलवर अडकवून ओढायच्या पॉप-अपमागे दुसरं काही जोडायला परवानगी नाही.

कायदा सोडा. पॉप-अपचा मागचा बंपर हा पातळ पत्र्याचा चौकोनी पाइप असतो, फार तर स्टेपनी पेलेल. त्यावर बोटीचा ट्रेलर उसळ्या घेऊ लागला की वेल्ड टिकेल, पण शेजारचा पत्रा फाटेल. शिवाय दोन सांध्यांची माळ रिव्हर्स घेता येत नाही. पेट्रोल पंपावर अडकलात की सगळं सोडवून एकेक डबा हाताने ढकला.

बापू:
मग बोट पॉप-अपच्या छतावर उलटी टाका. बंद पॉप-अप जेमतेम पाच फूट उंच, दोघांत सहज चढते. व्हॅनवर चढवायला स्टूल लागेल.

नाना:
बापू, छताला कंपनीचे रूळ आणि आडव्या दांड्या असतील तरच, आणि त्यांची मर्यादा पाहूनच. नुसत्या छतात स्क्रू मारले की पहिल्याच पावसात गादी ओली. दुसरं म्हणजे बोट वर असताना क्रँक (छत वर करायचा हँडल) फिरवायचा नाही. छत उचलणाऱ्या वायरी छताच्या वजनापुरत्या असतात. १२० पौंड वर ठेवून फिरवलंत तर वायर तुटेल नाहीतर कप्पी वाकेल. म्हणजे रात्री पोचलात, पाऊस आहे, तर आधी बोट उतरवा, मगच झोपायला जागा.

आणि मापं घ्या. पॉप-अपचा डबा १० फुटी, बोट १२ फुटी. नाक पुढे काढलंत तर रिव्हर्समध्ये वळताना ते व्हॅनच्या मागच्या काचेत जाणार, आणि डिकीचं दार वर उघडायचं म्हटलं तर नाकाला अडणार. जास्तीचे दोन फूट मागेच काढा. माल चार फूट किंवा जास्त मागे आला तर दिवसा १२ इंची लाल फडकं आणि रात्री लाल दिवा लावावा लागतो. दोन फुटांना लागत नाही.

तात्या:
व्हॅनच्या छतावर काय वाईट आहे? सगळे नेतात.

नाना:
सगळे कायाक नेतात, तात्या. ही बोट तळाला ३६ इंच असली तरी वरची कड चांगली ५० इंच असते. कड दांडीवर टेकायला ६० इंची दांडी हवी. व्हॅनबरोबर आलेल्या दांड्या आखूड पडल्या तर बोट एका बाजूला घसरणार.

आता वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. समजा त्यावर माणसं आणि सामान मिळून १,२०० पौंड लिहिलंय. पॉप-अपचा बॉलवरचा भार २४०, बोट १२०, दांड्या २०. उरले ८२०. पाच मोठी माणसं बसली की झालं, मग बॅगा कुठे? ओढण्याची मर्यादा ३,५०० आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, पण मिनीव्हॅन त्याच्या कितीतरी आधी या स्टिकरवर अडते.

बापू:
म्हणजे पॉप-अपचं छतच बरं. मीही तेच म्हणत होतो. बोटीची मोटर आणि बॅटरी पॉप-अपच्या मागच्या स्टोरेजमध्ये टाकली की झालं.

नाना:
तेच करू नका! ट्रॉलिंग मोटर (बोटीची छोटी इलेक्ट्रिक मोटर) आणि तिची डीप-सायकल बॅटरी मिळून ९० पौंड. पॉप-अप भरून २,४००, बॉलवर २४०, म्हणजे १० टक्के, ठीक. बॉलपासून अॅक्सल (चाकांचा आस) १२ फूट. हे ९० पौंड अॅक्सलच्या पाच फूट मागे ठेवलेत की बॉलवरचे ३८ कमी होतात. बोट अॅक्सलवर धरली तर एकूण २,६१० आणि बॉलवर २०२, म्हणजे पावणेआठ टक्के. दहाच्या खाली गेलं की ट्रेलर शेपटी हलवतो. एम-११५ हायवेवर समोरून ट्रक गेला की त्याचा झोत बोटीवर बसणारच. तेच ९० पौंड अॅक्सलच्या चार फूट पुढे ठेवा, बॉलवर २७०, दहा टक्क्यांच्या थोडं वर. बॅटरी उभी, खोक्यात, दोन्ही टर्मिनल झाकून.

अक्का (स्वयंपाक समिती):
पुढच्या स्टोरेजमध्ये ४० जणांचं पातेलं, दोन शेगड्या आणि तांदूळ जाणार आहेत. हे मे महिन्यातच ठरलंय. बॅटरीला जागा नाही. बॅटरीचं अॅसिड सांडलं तर त्या तांदळाचा भात कोण खाणार?

नाना:
अक्का, तुमचं पातेलं पुढेच राहू द्या, उलट चांगलंच. बॅटरी पॉप-अपच्या आत जमिनीवर, अॅक्सलच्या त्याच चार फूट पुढे, पट्ट्याने आवळून. शेगडीच्या प्रोपेन टाकीचा वॉल्व्ह मात्र निघताना बंद.

खजिनदार:
पाण्यातल्या गोष्टी मंडळाच्या विम्यात नाहीत, मागच्या मीटिंगमध्ये झालंय. लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक. सहा वर्षांखालच्या मुलांनी उघड्या डेकवर घालूनच बसायचं, नुसतं शेजारी ठेवून नाही. इलेक्ट्रिक मोटर लावली की बोटीची नोंदणी लागते, नंबर दोन्ही बाजूंना, तीन इंच उंचीचे. पार्कसाठी प्रत्येक गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट (प्रवेशाचा पास). वर्गणी अजून सात घरांची बाकी आहे, त्यांनी हा मेल पुन्हा वाचावा.

तात्या:
इलेक्ट्रिक मोटरला कसली नोंदणी? धूर तरी येतो का?

खजिनदार:
मोटर म्हणजे मोटर. १६ फुटांपर्यंतची वल्ह्याची बोट सुटते, मोटर लागली की सुटत नाही. बोट चालवायच्या सर्टिफिकेटचा प्रश्न मात्र ६ हॉर्सपॉवरच्या वर येतो, इथे नाही.

वहिनी (ट्रॉय):
एवढं करण्यापेक्षा आमच्या एसयूव्हीमागे बोटीचा ट्रेलर न्या. आमच्याकडे हिच रिकामाच आहे, आणि आम्ही तंबूत राहणार.

नाना:
हे पहिल्याच मेलमध्ये यायला हवं होतं. तरी तीन गोष्टी बघा.

बॉल: पॉप-अपला २ इंची, बोटीच्या छोट्या ट्रेलरला बहुधा पावणेदोन-वरती-एक-अष्टमांश, म्हणजे १ ७/८. कपलरवर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) ठोकलेला आकडा वाचा. २ इंची कपलर १ ७/८ वर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उडतो. कुलूप लावून जॅकने गाडीची मागची बाजू जरा उचलून बघा. सुटला नाही तर ठीक.

चाकं: १२ इंची ४.८० टायर असेल तर बाजूला लिहिलेला पूर्ण दाब भरा. लोड रेंज (टायरचा वजन पेलायचा वर्ग) बी असेल तर ६० पीएसआय. बेअरिंगमध्ये ग्रीस. छोटं चाक जास्त फिरतं, हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग असतं तो) तापतो. तापलेला हब थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढतो आणि बेअरिंग गंजतं. पोचल्यावर आधी चहा घ्या, हब हाताला कोमट लागला की मगच रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर). मागे घेण्याआधी दिव्यांचा प्लग काढा.

परतताना ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायचं बूच) काढून सगळं पाणी रॅम्पवरच सोडायचं. २०१९ पासून तसा नियम आहे. प्लग खिशात ठेवा, दोरीला बांधला तर आणखी बरं.

बापू:
पार्कच्या दोन तळ्यांपैकी डक लेकचा रॅम्प की ग्रीन लेकचा?

दादा:
आमची साइट डक लेककडे आहे, तोच जवळ. वहिनी, बोटीच्या ट्रेलरला चपटा चार पिनचा प्लग आहे. तुमच्या गाडीला सात पिनचा सॉकेट असेल तर अडॅप्टर लागेल. कोणाकडे आहे का?

तात्या:
माझ्याकडे आहे, पण मागच्या वर्षी कोणीतरी नेला तो परत आलेला नाही.