मदत हवी आहे: शाखेतल्या पीसींना डोमेन कंट्रोलर कधी सापडतो, कधी नाही

नमस्कार मंडळी,

आमचं मुख्य ऑफिस मरोळला, शाखा मशीद बंदरला, मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन्ही ऑफिसं जोडणारा खाजगी दुवा). ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (विंडोजची खाती आणि पीसी एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) दोन्ही डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारे सर्व्हर, मरोळलाच आहेत, डीएनएसही (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्यांच्यावरच. मरोळला काही तक्रार नाही. शाखेत मात्र सकाळी लॉगिनला फार वेळ लागतो, काही पीसींवर ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून ठरवलेल्या सेटिंग्ज) लागत नाही, शेअर ड्राइव्ह दिसत नाही. रीस्टार्ट केलं की कधी सुरळीत, कधी पुन्हा तेच.

शोधल्यावर एवढं सापडलं: शाखेचा राउटर डीएचसीपीतून (पीसींना नेटवर्क सेटिंग्ज आपोआप देणारी सोय) दोन डीएनएस देतो, पहिला मरोळचा आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक. व्हीपीएन जरा अडखळला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि मग त्यालाच विचारत राहतं. आमच्या आतल्या डोमेनची एसआरव्ही नोंद (डोमेन कंट्रोलर कुठे आहे ते सांगणारी डीएनएस नोंद) बाहेर असणार कशी? तिथून "असं नाव नाही" असं उत्तर येतं, विंडोज ते खरं मानतं आणि मरोळला विचारतच नाही. पीसीला मरोळचेच दोन पत्ते हाताने दिले की लॉगिन लगेच होतं, म्हणजे नेटलॉगॉनने (कंट्रोलरवरची विंडोज सेवा) केलेल्या एसआरव्ही नोंदी जागेवर आहेत. घड्याळांतला फरकही कर्बरोसच्या (लॉगिन तपासण्याची पद्धत) ५ मिनिटांच्या मर्यादेत आहे.

आता खरी अडचण. नेटवर्क बघणारा व्हेंडर ८.८.८.८ काढायला तयार नाही. मरोळची लाइन गेली तर शाखेत इंटरनेट असूनही एकही साइट उघडणार नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात लाइन जाते. टेम्पो भरून उभा आणि ई-वे बिल निघत नाही, ही वेळ शाखेतल्या लोकांवर येऊ नये असं मनापासून वाटतं.

राउटरवरच कंडिशनल फॉरवर्डिंग करावं (आतल्या डोमेनचे प्रश्न मरोळला, बाकीचे बाहेर), की शाखेत तिसरा कंट्रोलर बसवावा? तिथे सर्व्हरसाठी कुलूपबंद खोली नाही, रॅक गोदामातच आहे. कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

राउटरला कंडिशनल फॉरवर्डिंग जमत असेल तर नावांचा प्रश्न सुटेल, पण मरोळची लाइन गेली की लॉगिन अडणारच. कुलूप नाही म्हणता, तर रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर बसवा (त्यावर डिरेक्टरीची फक्त वाचायची प्रत असते). त्यावर फक्त शाखेतल्या माणसांचे आणि पीसींचे पासवर्ड साठवू द्या, ॲडमिनचे अजिबात नकोत. डीएनएसची प्रत त्यावरच ठेवा, फॉरवर्डर (बाकीच्या नावांचे प्रश्न पुढे पाठवण्याचा पत्ता) शाखेच्या लाइनवरून बाहेर. डीएचसीपीत पहिला तो, दुसरा मरोळचा, बाहेरचा एकही नाही. आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये शाखेचा सबनेट (तिथल्या पीसींच्या पत्त्यांचा गट) वेगळ्या साइटला जोडा आणि नवा कंट्रोलरही त्याच साइटमध्ये ठेवा, नाहीतर पीसी मरोळलाच जात राहतील.