एका दिवसात एकच ठिकाण

शाळेच्या सहलीत तिसरी-चौथीच्या मुलांना जुन्या वास्तूंतलं काही कळत नाही, त्यापेक्षा वॉटर पार्कला न्यावं, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. पुण्यात शनिवारवाडा, आगाखान पॅलेस आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय एकाच दिवसात उरकलं, तर मोठ्यांनाही काय कळणार? लेकीच्या वर्गाच्या सहलीला मदतनीस म्हणून गेले होते, तेव्हा असंच झालं. निम्मा दिवस बसमध्येच गेला.

पुढच्या वर्षी आम्ही काही पालकांनी आग्रह धरला आणि मुलांना फक्त पाताळेश्वरला नेलं. जंगली महाराज रस्त्यावरचं हे लेणं ८ व्या शतकातलं. मुलांना एवढंच सांगितलं, की हे देऊळ दगडावर दगड रचून बांधलेलं नाही, अख्ख्या कातळातून कोरून काढलंय. लगेच एकाने विचारलं, "मग चुकून खांब तुटला तर?" पुढचा अर्धा तास त्यावरच! छिन्नीचे घाव शोधून झाले, नंदीच्या गोल मंडपाचे खांब मोजून झाले. हा बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, हे ऐकल्यावर तर सगळे भिंतीला हात लावून बघायला लागले.

सहल ठरवणाऱ्यांनी एक कराच. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन या आणि स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि डबा खायला सावली कुठे आहे ते बघून ठेवा. पहिली-दुसरीची मुलं असतील तर हे सगळ्यात आधी.