मदत हवी आहे: जुन्या एमएक्स-५ चं कापडी छत उतरवून नव्याने बसवायचं आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे, छत मागे दुमडता येणारी छोटी स्पोर्ट्स कार. पहिली पिढी, लावले की बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटवाली. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत. छताचे मात्र हाल झाले आहेत. या गाडीवर माझा फार जीव आहे आणि हे काम स्वतःच्या हाताने करायची इच्छा आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

छत काळ्या रेक्झिनचं. मागची प्लास्टिकची खिडकी इतकी पिवळी पडली आहे की रात्री मागच्या गाडीचे दिवे नुसते पसरट दिसतात. उजव्या दाराच्या काचेवर, जिथे छत दुमडतं, तिथे रेक्झिनला आरपार भेग आहे. पुढच्या चौकटीवर, म्हणजे छताच्या सांगाड्याच्या सर्वांत पुढच्या पट्टीवर, चिकटवलेली कडही एका बाजूने सुटली आहे. आणि पाऊस झाला की डाव्या सीटमागचं कार्पेट ओलं होतं. हे पाणी कुठून येतं ते कळत नाही.

छताचा सांगाडा, म्हणजे फ्रेम, चांगली आहे. सांधे घट्ट, कुठे वाकलेली नाही. त्यामुळे फ्रेम तीच ठेवून फक्त वरचं कापड बदलावं असं मनात आहे. पण आधी हे सांगा: खिडकी पॉलिश करून आणि भेग चिकटवून आणखी काही वर्षं निघतील का? नसतील तर कापड बदलताना फ्रेम गाडीतच ठेवावी की बाहेर काढावी? दोन्ही सल्ले वाचले, दोन्हीकडचे लोक ठाम आहेत. मागच्या बाजूला पाणी झेलणारी प्लास्टिकची पन्हळ असते, रेन रेल म्हणतात ती, तिचीही धास्ती आहे. काढताना मोडते म्हणतात.

सॉकेट सेट, ड्रिल आणि रिव्हेट गन आहे. शिवण येते, पण जाड कापड शिवेल असं मशीन नाही.

प्रतिसाद १

ताई, भेग उजवीकडे आणि पाणी डावीकडे, म्हणजे कापडाच्या आधी ड्रेन बघा.

छतावरून मागे येणारं पाणी रेन रेलमध्ये जमतं, दोन्ही बाजूंच्या ड्रेनमधून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीखाली पडतं. पाचोळा आणि धूळ साचून ड्रेन तुंबला की पाणी उलटं कार्पेटवर येतं, काही दाराखालच्या सिलमध्ये शिरतं. या गाड्यांचे सिल मागच्या चाकाजवळ आतून कुजतात त्याचं मोठं कारण हेच. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

छत अर्धवट मागे करून सीटबेल्टच्या खांबामागे टॉर्च मारा, ड्रेनचं तोंड दिसेल. त्यात बाटलीने हळूहळू पाणी ओता आणि गाडीखाली बघा. लगेच धार लागली तर ठीक. पाणी वरच उभं राहिलं तर बोथट टोकाची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारा. तार घालू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. नळी फाटली किंवा सांध्यातून निसटली तर सगळं पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जाईल. ड्रेन तुंबलेला ठेवून कितीही भारी छत घातलंत तरी कार्पेट ओलंच राहणार.

खिडकीचं म्हणाल तर पॉलिशने ओरखडे जातात, पिवळेपणा जात नाही. तो उन्हाने प्लास्टिकच्या अंगात उतरलेला असतो. दुमडीवरची भेग चिकटवली तरी छत मागे पाडताना (दुमडताना) दर वेळी तिथेच वाकणार. कापड बदलाच.

प्रतिसाद २

फ्रेम बाहेर काढा, यावर माझं मत पक्कं आहे. सीटमागच्या पत्र्याखाली पेट्रोलची टाकी आहे. कापडाचे रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात. ते काम टाकीच्या डोक्यावर, वाकून, धातूचा चुरा कार्पेटात पाडत करण्यापेक्षा टेबलावर निवांत करा.

खिडकीची झिप उघडून खिडकी खाली सोडा. प्लास्टिकच्या क्लिपा काढून कार्पेट उलटं करा. रेन रेल धातूच्या तीन पट्ट्यांखाली दाबलेली दिसेल, त्यांचे नट दहाचे (१० मिमी पान्याचे). हे नट बॉडीला कायम बसवलेल्या आटेदार दांड्यांवर, म्हणजे स्टडवर, असतात आणि स्टड तुटला तर ते वेगळंच काम होऊन बसतं, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि जोर लावू नका. अडला तर थोडा उलटा घट्ट करून पुन्हा सोडा. पट्ट्यांवर डावी, मधली, उजवी असं लिहून ठेवा. मग दोन्ही बाजूंना फ्रेमचे तीन-तीन बोल्ट, बाराचे. शेवटचे बोल्ट काढताना दुसरा माणूस हवाच, नाहीतर मागच्या रंगाला ओरखडा ठरलेला.

फ्रेम टेबलावर आली की घाई नको, इथेच लोक चुकतात. दाराच्या काचेला टेकणारी रबर बीडिंग ज्या पट्ट्यांत बसते त्यांचे स्क्रू लांबट भोकांत असतात, म्हणजे पट्टी पुढेमागे सरकते. सोडण्याआधी प्रत्येक पट्टीची जागा मार्करने आखा. खुणा नसतील तर काच आणि बीडिंग जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. दोन्ही कडांच्या शिवणीतून एकेक तार जाते, ती कड ताणून धरते. तिची स्प्रिंग कुठल्या टोकाला आहे त्याचा फोटो काढा. फ्रेम उघडी पडली आहेच तर गंज घासून प्रायमर आणि रंग मारा, सांध्यांच्या बुशना वंगण द्या. पुन्हा ही संधी कित्येक वर्षं येणार नाही.

प्रतिसाद ३

रेक्झिनऐवजी तीन थरांचं विणलेलं कापड बघा. बाहेर ॲक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर. दुमडीवर रेक्झिनसारखं तडकत नाही आणि आतला आवाजही कमी होतो. दुसऱ्या पिढीपासून या गाडीला मागे खरी काच आली. तशी काच असलेलं कापड पहिल्या पिढीच्या फ्रेमवर बसणारंही मिळतं. मग छत पाडण्याआधी झिप उघडायची भानगड उरत नाही.

प्रतिसाद ४

वरच्यांशी अर्धाच सहमत. काच घ्यावीच, पण गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर रेक्झिन बरं, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. विणलेल्या कापडात शेवाळ धरतं. ते मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने धुवून, पूर्ण वाळवून, मग वॉटरप्रूफिंगचे हात द्यावे लागतात आणि हे अधूनमधून करत राहावं लागतं. ब्लीच नको, त्याने शिवणीचा दोरा कमजोर होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी ओतून पाहिलं. उजवीकडे लगेच धार, डावीकडे पाणी तसंच उभं! दोरीने काळा चिखल आणि कुजलेली पानं निघाली, आता दोन्ही बाजू सारख्या वाहतात. कार्पेट काढून वाळत घातलं आहे. पत्र्यावर वरवरचा गंज आहे, भोक नाही.

गाडी छपराखाली उभी असते, त्यामुळे विणलेलं, काचवालं कापड घेणार. फ्रेम बाहेर काढूनच काम करेन. आता दोन शंका. रेन रेल जुनीच वापरावी का? आणि पुढच्या चौकटीवर कापड चिकटवताना ताण किती द्यायचा?

प्रतिसाद २ कडून

रेल वाकवून बघा. भोकांभोवती बारीक चिरा दिसल्या किंवा कडकड आवाज आला तर ती ठिसूळ झाली आहे. रेल आधीच जोडलेलं कापड मिळालं तर तेच घ्या. रेल मधोमध बसवणं हे या कामातलं सर्वांत किचकट आहे आणि ती तिरकी बसली तर पुढे अख्खं छत तिरकं ओढलं जातं.

चिकटवायचं सर्वांत शेवटी, गाडीवर. आधी फ्रेम बोल्टने बसवा, मागे रेल पट्ट्यांखाली दाबा. कापड उन्हात किंवा उबदार खोलीत पसरून गरम करून घ्या, थंड कापड ताणलं जात नाही. चौकटीचा आणि कापडाचा मध्य खडूने आखा. छत बंद करून लॅच (छत पुढच्या काचेवर अडकवणारी कडी) लावा, कापड हाताने पुढे ओढा आणि चौकटीची कड कापडावर आखून घ्या. मग लॅच सोडा आणि चिकटवताना ती रेघ कडेच्या किंचित पुढे येईल इतकंच ओढा. तेवढा ताण पुरतो. काँटॅक्ट ॲडहेसिव्ह उष्णता सहन करणारं हवं. दोन्ही पृष्ठभागांवर लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे दाबत जा. जास्तीचं कापड लगेच कापू नका. छत बंद करून सुरकुत्या बघा, कोपरे बघा, दारं उघडून लावून काच कुठे टेकते ते बघा, मगच कात्री.

पहिल्यांदा लॅच लागताना खूप जड जाईल. लॅचच्या आकड्याला ताण कमी-जास्त करायची सोय असते, सुरुवातीला तो सैल ठेवा. नंतर काही दिवस छत उघडूच नका, कापडाला फ्रेमचा आकार घेऊ द्या. मग आकडे थोडे थोडे आवळत आणा, आणि पाइपने पाणी मारून पुढचे दोन्ही कोपरे तपासा. गळती राहिली तर बहुतेक तिथेच सापडते.