पडद्याची दुसरी शस्त्रक्रिया, सिलिकॉन ऑइल आणि माखेमर यांचे संशोधन : मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि पाचगणीला राहतात. भाद्रपदात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काजळीसारखे ठिपके तरंगू लागले आणि दोन-तीन दिवसांत नाकाच्या बाजूने खालून काळी सावली वर चढू लागली. मोतीबिंदू पिकला असेल या समजुतीत आम्ही आठ दिवस घालवले. पुण्याला दाखवले तेव्हा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, त्याच्या मध्यबिंदूसकट (जिथे सर्वांत स्पष्ट दिसते तो भाग) सुटला होता.

व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा गर काढण्याची शस्त्रक्रिया, करून पडदा दाबून धरण्यासाठी डोळ्यात गॅस भरण्यात आला. त्यानंतर बाबांना दिवसातला बहुतेक वेळ मान खाली घालून काढावा लागला. आयुष्यभर बांधकामांवर देखरेख केलेला माणूस. दिवाणाच्या कडेला कपाळ टेकवून ते आत्याच्या घरच्या फरश्यांचे सांधे तपासत असत आणि बुडबुडा आक्रसू लागल्यावर त्याची डुचमळणारी कड दिसली, तेव्हा "डोळ्यातच पाणसळ बसवली आहे" असे म्हणाले. मुक्काम आत्याकडे ठेवावा लागला, कारण गॅस विरेपर्यंत विमानप्रवासच नव्हे, तर पाचगणीला जाणारा पसरणी घाट चढण्यासही डॉक्टरांनी मनाई केली होती. उंचीवर हवेचा दाब घटला की गॅस प्रसरण पावतो आणि डोळ्यातील दाब वाढतो.

सहा आठवड्यांनी पडदा पुन्हा सुटला. कारण पीव्हीआर, म्हणजे पडद्यावर पापुद्रे वाढून तो ओढला जाणे, असे सांगितले गेले. दुसऱ्या शस्त्रक्रियेत पडद्यावरचे पापुद्रे सोलून काढून गॅसऐवजी सिलिकॉन ऑइल भरले. त्याला आता चार महिने झाले असून, ते काढण्यासाठी तिसरी शस्त्रक्रिया सुचवली आहे. पहिल्याच वेळी काम कच्चे राहिले, असे घरात उघड बोलले जाते आणि खरे सांगायचे तर मीही तसेच मानत होते.

या रागातच वाचायला बसले आणि रॉबर्ट माखेमर या जर्मन वंशाच्या नेत्रसंशोधकापाशी पोहोचले. पडद्याला पडलेले छिद्र बुजवल्याशिवाय तो बसत नाही, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे नेत्रतज्ज्ञ जूल गोनँ यांनी माखेमर यांच्यापूर्वीच दाखवून दिले होते. पण डोळ्याच्या पोकळीतील काचाभ गराला हात लावणे तेव्हा धोक्याचे समजले जाई. माखेमर यांनी मायामीच्या बास्कॉम पामर संस्थेत अभियंता ज्याँ-मारी पारेल यांच्यासह एक बारीक नळीवजा यंत्र तयार केले. ते हा गर कापते, ओढून घेते आणि त्याच वेळी डोळ्यात द्रव सोडून त्याचा आकार टिकवते. त्याची चाचणी त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या बलकावर घेतली होती. २० एप्रिल १९७० रोजी, मधुमेहामुळे डोळ्यात रक्त साचून राहिलेल्या एका रुग्णावर या पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया झाली. बाबांच्या डोळ्यात वापरलेली उपकरणे कितीतरी बारीक असली, तरी त्यांचा उगम तिथलाच.

मला थांबायला लावले ते मात्र त्यांच्या दुसऱ्या कामाने. आउल मंकी जातीच्या माकडांच्या डोळ्यांत पडदा सुटल्यावर काय घडते ते त्यांनी पाहिले आणि १९७५ च्या सुमारास सहकाऱ्यांसह मांडले, की पडद्याखालच्या रंगद्रव्याच्या पेशी जागा सोडून निघतात, वाढतात आणि पातळ पापुद्रे तयार करतात. हे पापुद्रे आकसले की पडदा सुरकुततो आणि नीट बसवलेला असूनही ओढला जाऊन पुन्हा सुटू शकतो. म्हणजे जखम भरून काढण्याची शरीराची धडपडच इथे अंगावर येते. हे वाचल्यावर पहिल्या डॉक्टरांना दोष देताना जीभ अडखळते. मात्र आम्ही गमावलेल्या आठ दिवसांनी या पेशींना वाव मिळाला का, हा प्रश्न मला छळतो. येथील नेत्रतज्ज्ञ सभासदांनी त्याचे उत्तर स्पष्ट द्यावे, मन राखण्यासाठी नको.

तेल फार काळ ठेवले तर त्याचे बारीक थेंब होणे, डोळ्यातील दाब वाढणे, बुबुळावरील पारदर्शक पटल खराब होणे हे धोके आम्हाला समजावले आहेत. काढल्यावर पडदा पुन्हा सुटू शकतो, हेही सांगितले आहे. सध्या बाबांना त्या डोळ्याने हाताची बोटे मोजता येतात. अशा स्थितीत तेल काढून घेतलेल्यांचा किंवा विचारपूर्वक न काढण्याचा निर्णय घेतलेल्यांचा अनुभव मला हवा आहे. तेलामुळे चष्म्याचा नंबर बदलतो असे वाचले, तेव्हा दृष्टीचा खरा अंदाज ते काढल्यावरच येतो का? डाव्या डोळ्याचा पडदाही एका ठिकाणी विरळ असल्याचे तपासणीत आढळले आहे. तेथे आधीच लेसर करून घ्यावे, की लक्षणांवर नजर ठेवून थांबावे, याबाबत तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितले होते?

आणखी एक विचारायचे आहे. तेल काढताना कोणाच्या डोळ्यात पुन्हा हवा किंवा गॅस भरावा लागला होता का? तसे असेल तर आत्याकडच्या मुक्कामाची सोय आधीच करावी लागेल, आणि घाट चढायला पुन्हा मनाई होणार हे बाबांना तारीख ठरण्यापूर्वी सांगितलेले बरे.