साडेचारची भूक

ए-३०४: नमस्कार. विषय घरगुती आहे, पण बऱ्याच घरांत असेल म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारते. मुलं साडेचारला शाळेतून आली की दप्तर टाकून थेट खालच्या कप्प्याकडे. वेफर्स, नाहीतर क्रीमची बिस्किटं. मग रात्री ताटावर बसले की 'भूक नाही'. रागावून झालं, डबे लपवून झाले. तुमच्याकडे कशाने फरक पडला?

बी-१०२: आमच्या घरी आता लहान मुलं नाहीत, पण फरसाणाचा डबा आहे. सकाळी बीपीची गोळी घेतो आणि चार वाजता चहाबरोबर शेव. हिने किती वेळा सांगितलं, सुटत नाही.

सी-४०१: आमचं रात्री अकरानंतर. काम चालू असतं, मोबाइलवरून मागवलं की पंधरा मिनिटांत दारात.

बी-२०५: वहिनी, लपवू नका. मुलांना डबा कुठे आहे ते आपल्याआधी कळतं. मी दोन वर्षं यातून गेले आहे म्हणून सविस्तर लिहिते. शाळेचा डबा साडेदहाला खाल्लेला असतो. साडेचारपर्यंत सहा तास होतात. ती खरी भूक आहे, हट्ट नाही. अशा वेळी हाताला पाकीट लागलं तर पाकीटच संपणार.
मी आधी वाण्याच्या महिन्याच्या यादीतून पाकिटं काढून टाकली. आणि मुलं दार वाजवतील तेव्हा ओट्यावर काहीतरी तयार हवं, हे पक्कं केलं. सकाळी मटकीची उसळ दोन वाट्या जास्त करते. कधी दडपे पोहे, कधी भिजवून ठेवलेल्या पिठाची धिरडी, कधी दह्यात कुस्करलेली भाकरी. ज्या दिवशी मला उशीर होतो त्या दिवशी सासूबाई केळं आणि फुटाणे देतात.
पहिले आठ-दहा दिवस धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबांना बघवेना, ते खाली जाऊन पाकीट घेऊन आले. म्हणून सांगते, मुलांशी बोलायच्या आधी घरातल्या मोठ्यांशी बोला.

ए-३०४: आजोबांचं अगदी आमच्यासारखंच. आज रात्रीच सासऱ्यांशी बोलते.

ए-१०१: मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून बी-१०२ च्या काकांच्या बीपीसाठी लिहिते. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, बहुधा १०० ग्रॅमसाठी. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा ८०० मिलिग्रॅम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं, पापड सगळं आलं.

बी-१०२: मी सुटी शेव आणतो. त्यावर काहीच छापलेलं नसतं.

ए-१०१: म्हणूनच सुटं जास्त सांभाळायचं, काका. डबा टेबलावरून हलवा. डब्यात हात घालू नका, छोट्या वाटीत घ्या, तेही आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवस ज्वारीच्या लाह्या, फोडणीत मीठ अगदी चिमूटभर.

सी-३०२: घरचा चिवडा-चकली चालेल ना?

ए-१०१: तळलेलं ते तळलेलंच, ताई. वेफर्समध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं, चकलीही तेल पितेच. पातळ पोहे भाजून बेताच्या तेलात केलेला चिवडा बरा, पण तोही वाटीत.

ए-२०३: आमच्या मुलीची शाळा सीबीएसईची. २०२५ मध्ये मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. ते वाचल्यापासून ती स्वतःच पाकीट उलटं करून बघते. घटकांची नावं वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने असतात, हे तिनेच मला शिकवलं. बिस्किटांच्या यादीत साखर दुसरी होती.
सगळ्यांना एक विनंती. वाढदिवसाला मुलांना वेफर्सच्या पुड्या देणं आपण थांबवू या. घरी कितीही पाळलं तरी खाली बागेत एकाने पाकीट फोडलं की बाकीच्यांना राहवत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

बी-२०५: १०० टक्के पाठिंबा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे वाढदिवस आहे. पेन्सिली आणि एकेक पेरू देणार.

सी-४०१: आणि रात्रीचं काय करावं?

ए-१०१: आठला जेवून एकपर्यंत जागलात तर भूक लागणारच. थोडा ताक-भात झाकून ठेवा, नाहीतर कपभर दूध. आणि त्या ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाका. दर वेळी नंबर टाकावा लागला की बरेचदा माणूस उठून ताक-भातच खातो.

बी-२०५: मी रविवारी सकाळी मंडईजवळच्या भडभुंज्याकडे जाणार आहे. फुटाणे, लाह्या, भाजके शेंगदाणे कुणाला हवेत? पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट करून द्या.

ए-३०४: फुटाणे अर्धा किलो. थँक्यू वहिनी.

बी-१०२: ज्वारीच्या लाह्या पाव किलो. हिने सांगितलंय, पिशवी मीच घ्यायला यायचं.